सगळ्यात आधी मोरी

सरकारी इमारतीचं कंत्राट मध्येच का तुटतं, हे तुम्ही आमच्या शेजारच्या हैबतरावांना विचारा. ते सुपारी कातरायची थांबवतील, अडकित्ता मांडीवर ठेवतील आणि सांगतील, "एक तर ठेकेदार पळतो. नाहीतर साहेब बदलतो. नाहीतर जागाच भलत्याची निघते. चौथं कारण या भूतलावर नाही." हैबतरावांची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली. त्यामुळे ते बोलले की मोजूनमापून बोलले असं समजायची पेणेत पद्धत आहे. मीही इतकी वर्षं त्यांच्यापुढे मान डोलवत आलो. पण आता नाही. चौथं कारण आहे. चौथं कारण म्हणजे मोरी. आणि ते शोधून काढण्याचा मान माझा आहे. मान कसला डोंबलाचा, अब्रू गेली माझी!

मी दिनानाथ. पेणेत राहतो, रस्त्यांच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. मूळ गाव कांदळखार, धरमतरच्या अंगाला, खाडीकाठी. गावात एक सार्वजनिक वाचनालय होतं आणि मी त्याचा चिटणीस. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं त्या सुमारास एका वादळात वाचनालयाचं छप्पर उडालं आणि पलीकडच्या मिठागरात जाऊन पडलं. पुस्तकं भिजायच्या आत कुठंतरी हलवायची होती. सभेत सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात, तेव्हा त्यानं खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं. मी तिथंच बसून राहिलो आणि पुस्तकं टेम्पोतून आमच्या दोन खोल्यांत आली.

"थोड्या दिवसांची तर गोष्ट," मी बायकोला म्हणालो.

बायकोचं नाव सरू. माहेर रोह्याचं. तिनं पहिले काही दिवस पुस्तकांचा पाहुणचार केला, फडक्यानं पुसली वगैरे. मग पुस्तकं पसरायला लागली. कादंबऱ्या पलंगाखाली, शेतीची मासिकं माळ्यावर, नाटकं देवघराच्या फळीवर. संतचरित्रं न्हाणीच्या कठड्यावर, तांब्याच्या शेजारी. एके दिवशी सरू स्वयंपाकघरातून कडाडली, "अहो, वालाच्या डब्यात हात घातला तर कुठल्या तरी राजाचं चरित्र लागलं हाताला! वाल कुठायत?"

वाल राजाच्या मागे होते. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्याच दिवशी तिनं अट घातली. आमच्याकडे पावसाळ्याआधी घरात आगोट भरतात, म्हणजे तांदूळ, वाल, मिरच्या, सुकी मासळी, सरपण, सगळी चार महिन्यांची बेगमी. "आगोट भरायच्या आत ही पुस्तकं या घरातून गेली पाहिजेत," सरू म्हणाली. "नाहीतर मी जाते रोह्याला. मग करा पुस्तकांचंच कालवण आणि खा." सरू बोलते ते करते. लग्नात तिनं माझं नाव उखाण्यात घ्यायला नकार दिला होता, तो अजून कायम आहे.

म्हणून मी नव्या इमारतीच्या मागे लागलो. अनुदान मिळालं, जागा मिळाली. जागा गावाच्या बाहेर, खाडीच्या एका लहान फाट्यापलीकडे. भरतीला फाट्यात पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. म्हणून मंजुरीतच लिहिलेलं होतं की इमारत बांधायची आणि फाट्यावर मोरी बांधायची, म्हणजे रस्ता थेट दारापर्यंत जाईल.

कंत्राट मिळालं गुणाजीला. गुणाजी हा सरूचा धाकटा भाऊ. रोह्यात घरं बांधतो. मेहुण्याला कंत्राट दिलं म्हणून लोक बोलले. त्यांना म्हणावं, बाकीचे ठेकेदार जागा बघायला आले होते ते जीपमधून खालीसुद्धा उतरले नाहीत. चिखल बघितला आणि तशीच जीप मागे फिरवली. एकटा गुणाजी पँट वर करून पलीकडे गेला आणि तिकडून ओरडला, "भावोजी, जागा एक नंबर हाय!" हैबतराव तेव्हाही म्हणाले होते, "दिनानाथराव, मेहुणा आणि मंजुरी एका फायलीत ठेवू नये." पण हैबतराव काय, माझ्या लग्नातही नको म्हणाले होते.

भूमिपूजनाचा दिवस मला विसरता येत नाही, कारण गाव विसरू देत नाही. मी कडक इस्त्रीचा लेंगा, वर कोट, हातात नारळ. ओहोटी होती. गावातली माणसं झपाझप पलीकडे गेली. मी चिटणीस, त्यामुळे जरा सावकाश, जरा रुबाबात निघालो. मध्यावर डावा पाय गेला तो परत आला नाही. मग उजवा त्याला शोधायला गेला. मग मी बसलो. नारळ माझ्याच गुडघ्यावर फुटला. भूमिपूजन तिथंच उरकलं म्हणायचं.

मला बाहेर काढलं बायजाबाईनं. ती कांदळखारची मासळीवाली, वाचनालयाच्या कमिटीवरची एकुलती एक बाई, आणि आवाज असा की धक्क्यावर बोलली तर मिठागरात ऐकू जातं. काखेत हात घालून तिनं मला उपटलं. "दिनाभाऊ, पाय काढा, चप्पल ऱ्हावंद्या! ती आता खाडीची झाली!" पलीकडे सरपंच, पाहुणे, गाव, सगळे गंभीर चेहरे करून आभाळाकडे बघत होते. आभाळात काही नव्हतं.

मी तसाच, कमरेपर्यंत राखाडी, गुणाजीसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुणाजी, सगळ्यात आधी मोरी बांध. मोरी झाल्याशिवाय मी या जागेवर पाय ठेवणार नाही!"

गुणाजीनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याच्या डोळ्यांत खरी कणव होती. "बरोबर हाय तुमचं, भावोजी," तो म्हणाला. "आधी मोरी."

इथं जरा थांबून मोरी या शब्दाबद्दल बोललं पाहिजे. मोरी म्हणजे आमच्या कचेरीत रस्त्याखालून पाणी जायला बांधलेला लहानसा पूल. मी जन्मभर मोऱ्यांचे कागद आवक केले, मोऱ्यांचे कागद जावक केले. घरी आलो की हातपाय धुतो तीही मोरी, म्हणजे न्हाणी. आणि रविवारी ताटात येते तीही मोरी, म्हणजे खाडीतला तो काटे नसलेला मासा. सरू त्याचं असं कालवण करते की मी त्या दिवशी कुणाशी भांडत नाही. या तीन मोऱ्यांशी माझे रोजचे संबंध. पण मोरीवरून बस गेली म्हणून मी कधी न्हाणीकडे धावलो नाही की मोरीत आंघोळ करताना मला कधी भूक लागली नाही. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा गोंधळ होईल हे मनातसुद्धा आलं नाही. आणि गुणाजी घरं बांधणारा माणूस, मंजुरीचे कागद वाचणारा नव्हे. नाल्यावर बांधतात त्याला तो साकव म्हणतो. त्याच्या आज्यानंही साकवच म्हटलं असणार.

शब्द दिला म्हणजे दिला. मी जागेवर गेलो नाही. गुणाजी अधूनमधून सामान घ्यायला पेणेत यायचा, तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारायचो.

"मोरी झाली का रे?"

"सगळ्यात आधी तीच घेतली, भावोजी."

"मजबूत आहे ना?"

"म्हैस उभी करा वर. हलायची नाय."

"पाणी तुंबत नाही ना?"

"एक थेंब थांबत नाय. ओतलं की सरळ खाडीत."

"रुंदी?"

"दोन माणसं आरामात."

"दोनच? अरे, बैलगाडी जायला पाहिजे!"

गुणाजी खो खो हसला. "बैलगाडी कशाला आणताय त्यात! तुम्हीपण ना, भावोजी!" मला वाटलं, हल्ली बैलगाड्या राहिल्यात कुठं, असं म्हणतोय. मी पण हसलो.

मग तो जरा लाजत म्हणाला, "फरशी आकाशी लावलीय. माझ्या पसंतीनं. तुम्हाला आवडंल."

आकाशी फरशीची मोरी आमच्या कचेरीच्या इतिहासात झाली नव्हती. पण मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. म्हटलं, सरूचं घराणंच हौशी. मी त्याच दिवशी वरच्या साहेबांना कळवून टाकलं की मोरीचे काम उत्तम व देखणे झाले आहे, पाहणीस यावे.

साहेब आले. नवीनच बदलून आलेले, घाटावरचे, अतिशय नियमातले. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मीही त्यांच्याबरोबर जीपमध्ये, नव्या चपला घालून. भरतीची वेळ. जीप फाट्याच्या काठावर आली आणि थांबली, कारण पुढं पाणी होतं. नुसतं पाणी. पलीकडे इमारत झकास उभी, भिंती, पत्रे, खिडक्या, सगळं. मध्ये काही नाही.

"मोरी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

काठावर बायजाबाई पाटी घेऊन बसली होती. ती आपणहून म्हणाली, "मोरी नाय आज, साहेब. आज बोंबील हायत."

"काय?"

"मोरी उद्याला यल. जाल्यात घावली तं. ताजी हवी तं सकालचं या."

साहेब माझ्याकडे वळले. "या बाई काय म्हणतायत? मोरी उद्या येणार? कुठून येणार?"

"खाडीतून," बायजाबाई म्हणाली. "आनी कुठून यल?"

तेवढ्यात पलीकडून गुणाजी दोन्ही हात हलवत ओरडला, "साहेब! मोरी इकडं हाय! आत!"

"आत म्हणजे कुठे?"

"हालमधी!"

साहेबांनी वरचं बटण काढलं. आम्ही होडीतून पलीकडे गेलो. तेव्हा कळलं की गुणाजीनं विटा, वाळू, सिमेंट, सगळं भरतीला होडीतून आणलं होतं, त्यामुळे साकवावाचून त्याचं काही अडलंच नव्हतं. आणि हॉलमध्ये, जिथं नकाशात वर्तमानपत्रांचं टेबल होतं, तिथं होती ती. मोरी. गुळगुळीत आकाशी फरशी. हातभर उंच कठडा. साबणाला कोनाडा. वर टाकी, खाली पितळी नळ. घासायला दगड. एका बाजूला पाणी तापवायच्या बंबाला जागा ठेवलेली. अशी मोरी मी जन्मात बघितली नव्हती. आमच्या घरात असती तर मी बाहेर आलो नसतो.

"वाचनालयात," साहेब एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आंघोळ कोण करणार?"

"आंघोळीला नाय, साहेब," गुणाजी म्हणाला. "भावोजी म्हणाले, मोरी झाल्याशिवाय पाय ठेवणार नाय. म्हटलं, खरं हाय. एवढ्या चिखलातून येणार, मग पाय न धुता पुस्तकाला हात कसा लावणार?"

"आणि तो बंब?"

"थंडीत लागंल."

साहेबांनी खिशातून माझं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. 'उत्तम व देखणे.' मग मला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलीत मोरी?"

"ऐकली," मी म्हणालो.

साहेब कंत्राट रद्द करा म्हणाले, आणि त्याचा ठराव कमिटीनं करायचा, चिटणिसानं लिहायचा, असा नियम निघाला. हैबतरावांनी सल्ला दिला, "आजारी पडा. दिनानाथराव, सरकारी कामात आजारपणासारखा आधार नाही." मी प्रयत्न केला. पण बायजाबाई पेणेच्या बाजारातून थेट घरी आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "काय झालं नाय याला, नाटकं करतं," आणि मला सभेला घेऊन गेली. सभेत गुणाजी माझ्यासमोरच बसला होता. तो एवढंच म्हणाला, "साकव म्हणाला असतात तर साकव बांधला असता. मोरी म्हणालात, मोरी बांधली." मी खाली मान घालून ठराव लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'मोरी चुकीची.'

घरी सरू दारातच उभी होती.

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं.

"माझ्या भावाची मोरी चुकीची?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "बोललात तुम्ही अर्धवट, बघायला गेला नाहीत तुम्ही, न बघता उत्तम म्हणून कळवलंत तुम्ही. आणि चुकीची त्याची मोरी? ऐका आता. ते 'चुकीची' खोडलं जात नाही तोवर माझ्या हातची मोरी तुम्हाला मिळायची नाही. आणि ही पुस्तकं सांभाळा. मी चालले."

आणि ती गेली. संध्याकाळच्या एस. टी.नं रोह्याला.

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. घर पुस्तकांनी भरलेलं आणि रिकामं. मी खिचडी केली, ती खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. वाल सापडले नाहीत. राजाचं चरित्र सापडलं. त्याला दोन राण्या होत्या आणि दोघी त्याच्याशी बोलत होत्या. मी पुस्तक परत डब्यात ठेवलं.

शेवटी रविवारी निघालो तिला आणायला. महाडच्या गाडीत बसलो, नागोठण्याला उतरून रोह्याची गाडी धरायची होती. पण गेल्या काही रात्री झोप नव्हती. डोळा लागला तो कोलाडला उघडला. तिथं रोह्याची गाडी नुकतीच गेलेली. एका टपरीवाल्याला माझी दया आली आणि त्यानं रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला चाललेल्या कामगारांच्या बसमध्ये मला चढवून दिलं.

"कुठली कंपनी?" शेजारच्यानं विचारलं.

"कंपनी नाही. बायकोला आणायला चाललोय."

सगळी बस एकदम बोलायला लागली. एक म्हणाला, साडी घेऊन जा. दुसरा म्हणाला, साडी मुळीच नको, साडी नेली की चूक कबूल केल्यासारखं होतं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, सासऱ्याच्या पाया पडा. मी म्हणालो, सासरे वारले. "मग मेहुण्याच्या," ड्रायव्हर म्हणाला. "भांडण कशावरून?" मी म्हणालो, मोरीवरून. "मासळीवरून?" मी नाही म्हणालो. "मग न्हाणीवरून? तुंबली असंल." मी सगळं समजावून सांगेपर्यंत धाटाव आलं. उतरताना एक जण हळूच म्हणाला, "काका, घरी गेल्यावर असं लांबण लावू नका. नुसतं चुकलं म्हणा."

तिथून चालत रोहा गाठलं, गुणाजीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलं."

मला वाटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. कारण दारात सिमेंटच्या गोण्यांची भिंत होती. कंत्राट तुटल्यावर उरलेलं सामान गुणाजीनं घरी आणून टाकलं होतं. गोण्या, पाइप, खिडक्यांचे गज, उरलेली आकाशी फरशी. त्या सगळ्याच्या मध्ये, दोन गोण्यांच्या फटीत, सरू बसली होती. केस सिमेंटनं पांढरे झालेले. क्षणभर मला वाटलं, माझ्याच काळजीनं पिकले.

"या," ती म्हणाली. "बसा. गज बाजूला करा आणि बसा."

"सरू, चुकलं माझं."

"ते ऐकू आलं मघाशी. परत ऐकायचं होतं." मग तिनं एका गोणीवर थाप मारली. टण्ण आवाज आला. "बघा. गोणीतल्या गोणीत दगड झालाय. पुस्तकं निदान ओली झाली तर वाळवता येतात. उद्या मला ती मोरी दाखवा. त्यात काय चुकीचं आहे ते माझ्या डोळ्यांनी बघते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कांदळखारला गेलो. ओहोटी होती. गुणाजी माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हता. सरूनं साडी खोचली आणि सरळ चिखलात उतरली. मी चपला काढून हातात घेतल्या, एवढं शहाणपण आलं होतं. तरी मध्ये एकदा बसलोच. पलीकडे पोचलो तेव्हा तिघांचे पाय गुडघ्यापर्यंत राखाडी, आणि माझं काय ते विचारूच नका.

सरू इमारतीत शिरली. थेट मोरीवर गेली, नळ सोडला. गुणाजीनं टाकी भरून ठेवलेली होती, रद्द झालेल्या कामावरसुद्धा. तिनं पाय धुतले, दगडावर टाचा घासल्या, हातावर पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं. मग कोरड्या फरशीवर येऊन बसली. खिडकीतून खाडीचा वारा येत होता.

"पुस्तकं इथं आणा," ती म्हणाली.

"अगं, पण मोरी नाही!"

"ही काय मोरी."

"ही नाही गं, ती मोरी! तिच्याशिवाय इथं यायचं कसं?"

"आत्ता कसे आलो?" सरू म्हणाली. "चिखलातून. आणि चिखलातून आल्यावर काय लागतं?"

मी माझ्या पायांकडे बघितलं आणि नळाखाली गेलो. पाणी सरळ खाडीत जात होतं, एक थेंब थांबत नव्हता.

पुस्तकं नेली बायजाबाईनं आणि तिच्या बरोबरच्या बायकांनी. टेम्पो काठापर्यंत आला, पुढं मासळीच्या पाट्यांतून डोक्यावर. पाट्या घासून धुतल्या होत्या, पण पाटी ती पाटी. आजही आमच्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानाला किंचित बोंबलाचा वास येतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांना जरा जास्त. "गो, राजा माज्या पाटीत हाय," बायजाबाई सरूला ओरडून सांगत होती. "डोकं आंबलं, लय जड हाय मेला!" आणि आमच्या घरात आगोट भरली गेली, मृग लागायच्या आत.

वाचनालयाच्या दारावर मी पाटी लावली, 'ओहोटीला उघडेल.' रोज वेळ पुढं सरकायची, पण गावाला ते सांगावं लागलं नाही. गंमत अशी झाली की नुसतं वर्तमानपत्र चाळायला आलेला माणूस भरती चढली की आत अडकायचा. करणार काय बिचारा? वाचायचा. कांदळखारमध्ये कधी नव्हे ते लोक कादंबऱ्यांच्या शेवटावरून भांडायला लागले.

पाऊस संपल्यावर साहेब पुन्हा आले. अर्धवट कामाची पाहणी करायची होती. होडी नव्हती, ओहोटी होती. साहेब पँट दुमडून उतरले. मध्यावर त्यांचा डावा पाय गेला. मला माहीत होतं पुढं काय होणार, पण मी आभाळाकडे बघितलं. थोड्या वेळानं साहेब दारात उभे राहिले, कमरेपर्यंत राखाडी, बूट खाडीला दिलेले. आतमध्ये वाचणारे सगळे उठून उभे राहिले. साहेबांनी स्वच्छ फरशीकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं.

"पाय कुठे धुवायचे?" त्यांनी विचारलं.

गुणाजी टाकी भरायला आलेला होता. तो हातानं मोरीकडे दाखवून बाजूला झाला.

साहेब बराच वेळ मोरीत होते. बाहेर आले तेव्हा भरती लागलेली होती, मग त्यांनाही बसावं लागलं. बायजाबाईनं त्यांच्या हातात एक पुस्तक दिलं. ते इतके रमले की ओहोटी लागल्याचं त्यांना सांगावं लागलं. उठताना ते म्हणाले, "चिटणीस, तो ठराव आणा." मी आणला. त्यांनी 'चुकीची' या शब्दावर आडवी रेघ मारली, वर 'आवश्यक' असं लिहिलं आणि सही केली. त्यामुळे आता सरकारदरबारी असं नमूद आहे की कांदळखारच्या इमारतीचं कंत्राट रद्द झालं, कारण मोरी आवश्यक. हैबतरावांना मी तो कागद दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि सुपारी न कातरताच तोंडात टाकली.

पुलाच्या मोरीची नव्यानं मंजुरी निघाली. पुन्हा बाकीचे ठेकेदार चिखल बघून परत गेले. पुन्हा गुणाजीच उरला.

मंजुरीचा कागद माझ्याच टेबलावर आवक झाला. मी तो हातात धरून भर उन्हात घरी आलो. गुणाजी ओसरीवर बसलेला होता. बहिणीनं जेवायला बोलावलं म्हणून आला होता, माझ्याशी तो अजून मोजकंच बोलायचा. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "गुणाजी, मोरी मंजूर झाली! तुझ्याच नावावर!"

त्यानं कागदाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

"नीट सांगा, भावोजी. कुठली? पाय धुवायची, वरनं जायची, का खायची?"

स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज आला. मग तो वास आला, जो त्या ठरावापासून या घरात आला नव्हता; शब्द खोडला गेल्यावरही सरूनं ते पहिलं कालवण भाऊ जेवायला येईपर्यंत राखून ठेवलं होतं.

"आधी खायची!" सरू आतून ओरडली. "पाय धुवा आणि बसा दोघं."